अंबाबाईचा किरणोत्सव: मोजला म्हणून देवीचं काही कमी होतं का?

महाद्वार_रोड

किरणोत्सव जवळ आला की आमच्या पेठेतल्या ग्रुपवर दोन संदेश हमखास येतात. पहिला, 'विज्ञानालाही न उलगडलेलं कोडं, नासाचे शास्त्रज्ञ चकित'. दुसरा त्याच्याच खाली, 'साधी भूमिती आहे, यात देव कुठून आला?' मग दोन दिवस भांडण, तिसऱ्या दिवशी कुणीतरी ग्रुप सोडतं. मला दोन्ही संदेश सारखेच खुपतात. का खुपतात ते शांतपणे बोलावं म्हणून हा धागा काढलाय.

ज्यांनी सोहळा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोल्हापूरच्या अंबाबाईची मूर्ती पश्चिमेकडे तोंड करून आहे. वर्षातून दोनदा, ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात. गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, कटांजन असा एकेक टप्पा ओलांडत ती मूर्तीपर्यंत जातात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असं परंपरेनं सांगितलं जातं. अलीकडे मागचापुढचा एकेक दिवस धरून पाच दिवसांचा सोहळा मानतात. किरणं आत आली की देवळातले दिवे मालवतात.

नासावाला संदेश मला खुपतो, कारण हे देऊळ ज्यांनी आखलं त्यांना सगळं नीट कळत होतं. त्यांचं काम 'न उलगडलेलं' म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. आणि दुसरा खुपतो, कारण भूमिती सांगून झाल्यावरही एक गोष्ट उरतेच. शेकडो वर्षं माणसांनी ही वाट मोकळी ठेवली, ती कशासाठी? तुम्हाला काय वाटतं?

तालमीतला

दादा, मी सरळ बोलतो. आमच्या घरात शुक्रवारचं दर्शन चुकत नाही. किरणोत्सवात माणूस माणसाला चिकटून उभा असतोय, दिवे गेलेले, आणि उजेड पायावर आला की सगळं देऊळ 'अंबामाता की जय' म्हणून उठतंय. त्या वेळी अंश आणि कोन कुणाच्या डोक्यात येत नाहीत, आणि येऊ नयेत असंच मला वाटतंय.

मोजणाऱ्यांचा राग नाही. पण आमचा अनुभव असा की मोजायला येणारा माणूस शेवटी 'बघा, यात काहीच नाही' इथंच येऊन थांबतो. तसं नसेल तर सांगा, ऐकतो.

ध्रुवमत्स्य

तालमीतला, तुमची शंका रास्त आहे. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि किरणोत्सवाला जातो. दोन्ही मनापासून. त्यामुळे 'यात काहीच नाही' इथं मी थांबत नाही. आत किती आहे ते सांगतो, जरा लांबेल.

१० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी या तारखांच्या बरोबर मध्ये २१-२२ डिसेंबर येतो, म्हणजे सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो तो दिवस. त्याच्या ४१-४२ दिवस आधी दक्षिणेकडे जाताना सूर्य ज्या जागी असतो, तितकेच दिवस नंतर परत येताना तो पुन्हा तिथंच येतो. खगोलाच्या भाषेत त्याची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर, दोन्ही वेळेला दक्षिणेला १७ अंशांच्या आसपास असते. कोल्हापूरचा अक्षांश १६.७ उत्तर. त्यावरून गणित केलं तर त्या दिवसांत सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, पश्चिमेपासून जवळपास १८ अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो. म्हणजे महाद्वार ते गाभारा ही सरळ रेषा त्या दिशेला रोखलेली आहे. वर्षातून दोनदाच का, याचं उत्तर एवढंच आहे.

घड्याळाचं काय? सूर्य दोन्ही वेळेला त्याच जागी, तरी नोव्हेंबरात कोल्हापुरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि १ फेब्रुवारीला साडेसहाच्या सुमारास. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेला आहे, त्यामुळे सूर्याची दुपार घड्याळाच्या बारापासून मागेपुढे होत राहते. नोव्हेंबरात सूर्य घड्याळाच्या पुढे असतो, फेब्रुवारीत मागे. तो अर्धा तास तिथून येतो.

आता किरणं वर का चढतात? सूर्य खाली जाईल तसा उजेड आडवा होतो. आधी जमिनीवर पडणारा झोत मग पायरीवर, मग चरणांवर, मग वर. मावळताना आपल्याकडे सूर्य साधारण सव्वाचार-साडेचार मिनिटांत एक अंश उतरतो. त्यामुळे चरणांपासून मुखापर्यंतची चढण काही मिनिटांचीच असते. शिवाय आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे सूर्य सरळ खाली न जाता थोडा उजवीकडे, उत्तरेकडे कलत उतरतो. एक अंश खाली आला की ०.३ अंश उत्तरेला. सूर्य उत्तरेला सरकला की आतला झोत दक्षिणेला सरकणार. देवी पश्चिमाभिमुख, म्हणजे दक्षिण तिच्या डाव्या हाताला. 'किरणं डावीकडे झुकून लुप्त झाली' असं दरवर्षी बातमीत वाचतो ना, ते हे.

आणि आता अवघड भाग. चरण, छाती, मुख हा क्रम दोन्ही वेळेला सारखाच सांगतात. पण ९ नोव्हेंबरचा सूर्य जिथं असतो तिथं तो परत ३१ जानेवारीला नसतो, २ फेब्रुवारीला असतो, कारण येताना वाट उलटी आहे. म्हणजे निव्वळ सूर्याचा हिशेब धरला तर ९ नोव्हेंबरला चरणच उजळत असतील तर २ फेब्रुवारीलाही चरणच उजळायला हवेत, मुख नव्हे. दोन्हीकडे मधला दिवस तेवढा जुळतो. हे बोललं की काहींना वाटतं मी परंपरेला खोटं पाडतोय. मला उलट वाटतं की ज्याला या सोहळ्याबद्दल खरी ओढ आहे त्याला हा प्रश्न पडायलाच हवा.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

सर, एक शंका. इंटरनेटवर एका ठिकाणी वाचलं की पश्चिमेच्या भिंतीत छोटी खिडकी आहे आणि २१ मार्च व २१ सप्टेंबरच्या आसपास तीन दिवस त्यातून किरणं देवीच्या मुखावर पडतात. मग खरं काय?

ध्रुवमत्स्य

ते बरोबर नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या त्या दिवसांत सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळतो. नोव्हेंबरच्या जागेपासून तब्बल १८ अंश बाजूला. ज्या रेषेतून नोव्हेंबरात उजेड गाभाऱ्यापर्यंत येतो, त्याच रेषेतून तो मार्चमध्ये येऊ शकत नाही. किरणं येतात ती महाद्वाराच्या वाटेनं, आणि हे त्या दिवसांत उभं राहून कुणालाही पाहता येतं. वाक्य एकाकडून दुसऱ्यानं उतरवलं, दुसऱ्याकडून तिसऱ्यानं. देवळात येऊन बघितलं कुणी नाही.

बिंदूचौक

चर्चा चांगली चालली आहे, पण मी जरा वेगळ्या बाजूनं येतो. उजेडाबद्दल माझा कुणाशी वाद नाही. उजेडाच्या नावानं जे विकलं जातं त्याच्याशी आहे. 'आपल्या पूर्वजांना सूर्याची गती कळत होती' हे खरं. पण पुढच्याच वाक्यात 'म्हणून पत्रिकाही खरी, म्हणून हा खडा घाला' असं येतं. पहिल्या सत्याच्या खांद्यावर दुसरं असत्य बसवायचं. या गल्लीत फार लोक लुबाडले गेलेत.

जयंत नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मले, १९३८ साली. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची जी चाचणी घेतली ती इथं सांगण्यासारखी आहे. त्या सहकाऱ्यांत नरेंद्र दाभोलकरही होते. १०० हुशार विद्यार्थी आणि १०० बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलं यांच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या आणि विचारलं, यातली कोणती कुठल्या गटातली? २७ ज्योतिषांनी उत्तरं दिली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवून सांगितलं असतं तर ५० टक्के आलं असतं. २००९ साली हे 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. मला यातली पद्धत आवडते. ज्योतिषांना कुणी शिवी दिली नाही. दावा काय आहे ते विचारलं आणि तो तपासला.

दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात मारलं. गोविंद पानसरेंवर १६ फेब्रुवारी २०१५ ला आपल्याच शहरात सकाळी फिरून येताना गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. त्यामुळे 'प्रश्न विचारायला काय हरकत आहे' हे वाक्य कोल्हापुरात हलकं राहिलेलं नाही. माझ्यासाठी तरी नाही. आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यावरून एवढं रान उठवलं, त्यात पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना हा कायदा लागू नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. कुणाच्या देवाला त्यानं हात लावलेला नाही.

कपिलतीर्थ

बिंदूचौक, पानसरे अण्णांबद्दल लिहिलंत ते वाचून थांबले जरा. त्या सकाळी आमच्या घरी चूल पेटली नव्हती, आणि आमचं घर देवदेव करणारं आहे. हे सांगायला हवं होतं, कारण तुमच्या लिहिण्यात अशी माणसं दिसत नाहीत.

मी साठीची आहे. विज्ञान फक्त शिकलेल्या अविश्वासू लोकांच्या घरी राहतं असं मानू नका. मूर्तीचंच घ्या. वर्षानुवर्षं दूध, दही, मध, पाणी यांच्या अभिषेकानं मूळ मूर्ती झिजत चालली होती. मूळ मूर्तीवरचा अभिषेक थांबवला, तो आता उत्सवमूर्तीवर होतो. २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी मूर्तीचं रासायनिक संवर्धन केलं. तेव्हा वाद झाले, मीही घरी रडले. देवीला रसायन लावायचं म्हणजे काय! पण दगडाला काय होतंय हे दगडाचं शास्त्र जाणणारा माणूसच सांगणार. माझी भक्ती त्या दगडातल्या आईवर आहे, म्हणूनच तो दगड टिकायला हवा. हे समजायला मला कुणी नास्तिक व्हायला सांगितलं नाही.

गणपतीचंही तसंच. पंचगंगेत मूर्ती सोडायची नाही म्हटल्यावर सुरुवातीला किती विरोध होता. आज घाटावर, चौकाचौकांत काहिली ठेवतात. गुळाच्या काहिली, ज्यात रस आटवतात त्याच. आमचा नातू तिथं मूर्ती बुडवतो, 'पुढच्या वर्षी लवकर या' तेवढ्याच जोरात ओरडतो आणि मूर्ती दान करून येतो. निर्माल्य वेगळं देतो. नदीचं पाणी आपणच पितो, खालची गावं पितात, हे कळल्यावर रीत बदलली. भाव कुठं गेला नाही.

तुमचं खड्यांबद्दलचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य. माझ्या बहिणीला एकानं शांतीच्या नावाखाली फार पैशाला बुडवलं. तो माणूस अंबाबाईचा भक्त नव्हता, दुकानदार होता.

बिंदूचौक

काकू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मान्य. काहिलीचं उदाहरण यापुढे मी आमच्या बैठकांत सांगत जाईन. फक्त एक धरून ठेवतो. अभिषेक थांबवायला मूर्ती झिजेपर्यंत वाट पाहावी लागली. तज्ज्ञाचं वेळेवर ऐकायची सवय अजून आपल्याला लागलेली नाही.

इतिहासवेडी

किरणोत्सवाचा एक पैलू अजून कुणी बोललं नाही. आपले बहुतेक सगळे सण तिथीने येतात. नवरात्र, त्र्यंबोलीची पंचमी, जोतिबाची चैत्र यात्रा. किरणोत्सव तिथीने करताच येत नाही. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्षापेक्षा ११ दिवसांनी कमी, त्यामुळे तिथी सूर्याच्या मागेपुढे सरकत राहते. इंग्रजी तारीख सूर्याला बांधलेली म्हणून ९ नोव्हेंबर म्हटलं की चालतं. पण ही तारीख आपल्याकडे आली इंग्रजांबरोबर. त्याआधी किरणं कधी येणार हे ठरवायचं कसं? मला दिसतो तो एकच मार्ग. मावळतीला जाऊन उजेड कुठवर आला ते रोज बघायचं. पंचांग बाजूला ठेवून प्रत्यक्ष आकाश बघायचं काम देवळातच कुणीतरी करत असणार.

संक्रांतीचं उलट झालं. उत्तरायण प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरला सुरू होतं, आपण सण करतो १४-१५ जानेवारीला. साधारण ७२ वर्षांना एक दिवस असा फरक साठत गेला, कारण पंचांग ताऱ्यांच्या हिशेबाने चालत राहिलं आणि सूर्याकडे बघायचं राहून गेलं. दोन्ही परंपरा आपल्याच आहेत. एकीत पाहणं चालू राहिलं, दुसरीत मोजणी पाठ झाली.

इतिहासाबद्दल जपून बोलायला हवं. देवळात शिलाहार काळातले शिलालेख आहेत, बांधकाम वेगवेगळ्या काळात वाढत गेलं. धामधुमीच्या काळात मूर्ती लपवून ठेवली होती आणि १७१५ साली तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. लाकडी गरुड मंडप तर १९व्या शतकातला. म्हणजे आज किरणं ज्या वाटेनं जातात त्या वाटेवरच्या कमानी, खांब, उंबरे एकाच दिवशी एकाच माणसानं आखलेले नाहीत. नंतर बांधणाऱ्या प्रत्येकानं आधीची रेषा सांभाळली म्हणून हे टिकलं. गरुड मंडप बांधताना ती रेषा अडवणं किती सोपं होतं!

ध्रुवमत्स्य

इतिहासवेडी, वा! यात एक आकडा जोडतो. पृथ्वीच्या आसाचा कलही फार हळू बदलतो, हजार वर्षांत ०.१३ अंशाच्या आसपास. इतक्या फरकानं किरणोत्सव मोडत नाही. सूर्य आपल्या बाजूनं जागा सोडत नाही, अडथळे आपण उभे करतो.

तालमीतला

सर, तुमचा अवघड भाग माझ्या डोक्यातून जाईना. परवा वडिलांना विचारलं, फेब्रुवारीत तिसऱ्याच दिवशी मुखावर किरण पडतो हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय का? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, मुखावर बघितलंय, पण तो कितवा दिवस होता ते आठवत नाही. कधी दुसराच असायचा, कधी ढग आडवे यायचे, एकदा पहिल्याच दिवशी वरपर्यंत गेलेलं. मग आमच्या लहानपणापासून सांगितलेलं ते खोटं म्हणायचं का?

ध्रुवमत्स्य

खोटं का म्हणायचं? सूर्य रोज फक्त पाव अंशाच्या थोडा वर सरकतो, आणि सूर्याचं बिंबच अर्ध्या अंशाचं आहे. दारापासून १०० मीटर आत गेलं तर रोजचा फरक जेमतेम अर्धा मीटर पडेल, आणि बिंबाच्या रुंदीमुळे झोताची कडा त्याहून जास्त पसरट. म्हणजे एका दिवसाची हद्द दुसऱ्यात मिसळलेलीच असते. त्यात क्षितिजाजवळची धूळ, दमट हवा, उसाच्या फडांचा धूर, ढग. चरण, छाती, मुख हा क्रम एका संध्याकाळच्या आत अगदी खरा आहे. किरणं त्याच क्रमानं चढतात. तीन दिवसांवर तो असा वाटून दिला की भक्ताला लक्षात ठेवायला सोपं जातं. मला वाटतं असं झालं असावं. वडिलांनी जे सांगितलं ते माझ्या दृष्टीनं उत्तम निरीक्षण आहे. आठवत नाही ते आठवत नाही म्हणाले.

महाद्वार_रोड

आता मला सुरुवातीला काय म्हणायचं होतं ते नीट सांगता येईल.

काही वर्षं किरणं अडली होती, तेव्हा महाद्वार रस्त्याच्या बाजूची वाढलेली बांधकामं, पाण्याच्या टाक्या, फलक यांची चर्चा सुरू झाली. नुसतं 'देवीच्या वाटेत येऊ नका' म्हणून कुणी गच्चीवरची टाकी हलवत नाही. कोणत्या मिनिटाला, कोणत्या कोपऱ्यामुळे, किती उजेड अडतो हे मोजून दाखवलं की बोलता येतं. महाविद्यालयांतले शिक्षक आणि विद्यार्थी लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, घेऊन टप्प्याटप्प्यावर उभे राहतात ते यासाठी. आणि उलटंही तितकंच खरं. श्रद्धा नसती तर भर गावठाणातली एवढी लांब मोकळी रेषा कोणत्या नगररचनेनं राखली असती? एखाद्या पुस्तकी नकाशानं ती कधीच सोडली नसती.

म्हणून नासाचा दाखला मला नको. श्रद्धेला त्याची गरज नाही, आणि विज्ञानाला न विचारता त्याचं नाव वापरणं ही फसवणूक आहे. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज नावाची पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी वास्तू आहे, तिच्या आतल्या खोलीत डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवसांत उगवतीचा उजेड जातो. 'जगात फक्त आमच्याकडेच' हेही म्हणायचं कारण नाही. आपल्याकडचं वेगळेपण हे की इथली पूजा अजून चालू आहे, आरती करणारी माणसं अजून त्या उजेडाची वाट बघतात.

मला सगळ्यात मोलाची बातमी वाटते ती 'आज ढगाळ हवेमुळे किरणं कासव चौकातच थांबली' ही. पुजारी, समिती, शिक्षक, बातमीदार सगळे मिळून ते जसंच्या तसं सांगतात. कुणी 'मुखापर्यंत आली' असं ठोकून देत नाही. मात्र त्या दिवशी 'देवी कोपली, वर्ष वाईट' म्हणत फिरणारे काहीजण असतात. त्यांना तिथल्या तिथं थांबवायचं काम आम्हा भक्तांचं आहे, बिंदूचौक यांचं नाही. आमच्या घरातलं आम्ही आवरायचं.

एक विचार आहे. दोन्ही किरणोत्सवांत आपण पाच-सहाजणांनी मिळून साधी नोंदवही ठेवली तर? शिक्षक मंडळींचं मोजमाप चालू आहेच. आपण डोळ्यांनी दिसेल तेवढं लिहायचं.

बिंदूचौक

मी येतो. एकच अट, न पोहोचलेला दिवसही तेवढ्याच ठळकपणे लिहायचा.

कपिलतीर्थ

मलाही घ्या. उभं राहवत नाही, पण पितळी उंबऱ्याजवळच्या कठड्याशी जागा मिळाली तर तिथली वेळ मी सांगेन. आकडे लिहायला नातवाला आणते.

तालमीतला

मी येणार, पण वही धरणार नाही. हात जोडायला मोकळे पाहिजेत. काकूंना जागा मिळवून द्यायचं काम माझ्याकडे. आणि वडिलांना आणतो, कितवा दिवस ते या वेळी लक्षात ठेवतील म्हणालेत.

ध्रुवमत्स्य

मग एवढं करा. सगळ्यांनी वेळ मोबाईलवरची घ्या, मनगटावरची नको, दोन मिनिटांचा फरकही इथं मोठा आहे. प्रत्येक टप्प्याला झोताची पुढची कड पोहोचली ती वेळ, मूर्तीवर सगळ्यात वर कुठं गेली, आणि डावीकडे कधी निघून गेली, एवढ्या तीन गोष्टी. आकाश कसं होतं ते एका ओळीत. नोव्हेंबरात पाचच्या आत देवळात या, फेब्रुवारीत साडेपाच चालेल. ९ नोव्हेंबर आणि २ फेब्रुवारी या दोन दिवसांना कुणीही सुट्टी घेऊ नका. तो क्रमाचा प्रश्न मला या वर्षी सोडवायचाच आहे.